लहान संस्थांचे निधिसंकलन : धन्य पोलीन जारिको यांच्या योजनेचा परिचय

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी आपल्या धर्मग्रामांत मिशन रविवार पाळला जातो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली तो सुरू केला. त्या दिवशी पेटी फिरते, पाकिटे जमा होतात आणि रक्कम धर्मप्रांताच्या कचेरीकडे रवाना होते. ज्या योजनेतून हा रविवार पुढे उदयास आला ती योजना मात्र कोणा महागुरूंनी नव्हे, तर फ्रान्समधील ल्यों शहरातील एका वीस वर्षांच्या प्रापंचिक तरुणीने आखली होती. आपल्या बालवाड्या, वृद्धाश्रम, संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखा, महिला मंडळे यांना सदैव निधीची चणचण भासते. त्यांच्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडावी म्हणून त्या योजनेची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

पोलीन जारिको यांचा जन्म १७९९ साली एका सधन रेशीम व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्यांचे बंधू फिलेआस पॅरिस येथील गुरुविद्यालयात शिकत होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर परदेशी मिशनकार्याची झालेली दुर्दशा त्यांनी बहिणीला पत्रांतून कळवली. पोलीन यांनी प्रथम आपल्या मेहुण्यांच्या रेशीम कारखान्यातील कामगार स्त्रियांना हाक दिली. आठवड्याला प्रत्येकीने एक ‘सू’ द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. सू हे तेव्हाचे क्षुल्लक नाणे, एका फ्रँकचे वीस सू होत.

१८१९ च्या सुमारास एके संध्याकाळी घरातील मंडळी पत्ते खेळत असताना शेकोटीपाशी बसलेल्या पोलीनला पुढील रचना सुचली, असे सांगितले जाते. एका व्यक्तीने दहा माणसे गोळा करावीत. अशा दहा गटांवर एक प्रमुख असावा, आणि तसल्या दहा प्रमुखांवर आणखी एक. दहा जणांचे आठवड्याला दहा सू म्हणजे अर्धा फ्रँक, वर्षाचे सव्वीस फ्रँक. हजार माणसे जोडली गेली की वर्षाला दोन हजार सहाशे फ्रँक! ३ मे १८२२ रोजी ल्यों येथे या कार्याला ‘धर्मप्रसार संस्था’ असे रीतसर रूप मिळाले. पहिल्या निधीतून आशियातील मिशन आणि अमेरिकेतील लुइझियाना व केंटकी या प्रांतांना साहाय्य गेले. बरोबर शंभर वर्षांनी, १९२२ साली, पोप अकरावे पायस यांनी या संस्थेला पोपपदाच्या अधिकाराखाली घेतले.

येथवरची हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. योजनेचे अर्धे बळ मात्र दुसऱ्याच एका गोष्टीत होते आणि आपल्याकडे नेमकी तीच राहून जाते. संस्थेने एक नियतकालिक काढले. दूरदेशी गेलेल्या महागुरूंची व धर्मगुरूंची पत्रे त्यात छापली जात : कोणत्या नदीतून प्रवास केला, किती दिवस उपाशी काढले, कोणत्या गावात कोण भेटले. शिवाय कोणत्या धर्मप्रांतातून किती रक्कम आली व कोणत्या मिशनला किती दिली, याचा वार्षिक जमाखर्चही त्यात असे. दहा जणांच्या प्रत्येक गटाला एक अंक मिळे आणि तो हातोहात दहा घरे फिरे. अक्षरओळख नसलेल्या बाईला शेजारीण तो वाचून दाखवी, असे मानायला हरकत नाही. आपला सू कोठे गेला हे त्या बाईला कळत होते. पुढच्या आठवड्यात तो मागण्यासाठी तिची मनधरणी करण्याची गरज उरत नसे.

आमच्या तरुणपणीचा एक प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. साहाय्यक धर्मगुरू असताना आम्ही एका बालवाडीच्या पत्र्यांसाठी घरोघर फिरून निधी जमवला. पत्रे बसले, पावसाळा निभावला. दोन वर्षांनी शौचालयासाठी पुन्हा त्याच उंबऱ्यांवर गेलो. एका वयोवृद्ध मावशींनी पाणी दिले, खुर्ची दिली आणि मग शांतपणे विचारले, “फादर, मागच्या पत्र्यांचं काय झालं? बसले का?” बालवाडी त्यांच्या घरापासून जेमतेम अर्ध्या मैलावर होती, परंतु गुडघेदुखीमुळे त्यांचे तिकडे जाणे होत नव्हते. पावती आम्ही दिली होती, हिशेबही चोख होता. तरीही त्या बाईंना दोन वर्षांत एक शब्द कळवण्याचे आम्हाला सुचले नव्हते. “मावशी, बसले,” असे म्हणताना मान खाली गेली.

देणगीदाराला लिहावयाच्या पत्राचा उत्तम नमुना तर आपल्या हाती दोन हजार वर्षांपासून आहे. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत मिळाल्याची पोच त्यात आहे. थेस्सलनीकात असताना याच मंडळीने पूर्वी मदत केली होती, याचे स्मरण आहे. नवी मागणी मात्र नाही. आपली आभारपत्रे बहुधा उलट असतात : एका ओळीत आभार आणि तीन परिच्छेदांत पुढच्या प्रकल्पाचे आवाहन. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने यरुशलेमसाठीच्या निधीबरोबर एकटे न जाता इतर बांधवांनाही पाठवण्याची काळजी घेतली आहे. एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, हा त्यामागील हेतू तो स्वतःच सांगतो.

थोड्या थोड्या दानातून मोठे काम उभे करण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्रालाही परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृहांतील मुलांसाठी मूठ-मूठ धान्य जमवले. मिझोराममधील ख्रिस्ती गृहिणी आजही स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. कल्पकता म्हणतात ती हीच. घरात जे रोज असते त्यातूनच दान निघावे. आपल्या वाड्यांतून केळीचा घड, शेवग्याच्या शेंगा, अंडी अर्पण होतात आणि मिस्सानंतर त्यांचा लिलाव होतो. त्याला कोणी जुनाट समजू नये. हाऊजी आणि मनोरंजनाचे कार्यक्रम जरूर करावेत. मात्र मंडप, ध्वनिक्षेपक व जेवणाचा खर्च वजा जाता हाती काय उरले, ते कार्यक्रमाच्या दुसऱ्या रविवारी फलकावर लावावे. कित्येकदा तो आकडा पाहून समिती स्वतःच चकित होते.

पोलीन यांच्या उत्तरायुष्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. १८४५ मध्ये त्यांनी कामगारांसाठी आदर्श वस्ती उभारण्याच्या उदात्त हेतूने रुस्त्रेल येथील लोखंडाच्या कारखान्यात पैसा गुंतवला. त्यात त्यांच्या स्वतःच्या संपत्तीबरोबर अनेक सामान्य माणसांची बचतही होती. ज्यांच्या हाती कारभार सोपवला त्यांनी विश्वासघात केला. पोलीन यांचे उरलेले आयुष्य कर्ज फेडण्यात गेले, आणि ९ जानेवारी १८६२ रोजी त्या दारिद्र्यात निवर्तल्या. दहा जणांच्या गटात प्रत्येक सूवर दहा जोड्या डोळ्यांची नजर होती. रुस्त्रेलमध्ये सारा भरवसा मोजक्या माणसांवर होता. तीच स्त्री, तोच सद्हेतू, फरक केवळ व्यवस्थेचा. २२ मे २०२२ रोजी ल्यों येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले. धन्यपद मिळालेल्या व्यक्तीचीही हिशेबात फसगत होऊ शकते, तेव्हा आपल्या समित्यांनी बँक खात्यावर किमान दोन सह्या ठेवण्यात कोणी कमीपणा मानू नये.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर दात्याला आयकरात वजावट मिळत नाही. तेव्हा मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच घ्यावी. लोक ज्याला ‘ऐंशी-जी’ म्हणून ओळखतात त्या सवलतीसाठी २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नुसती पावती पुरत नाही. संस्थेने देणगीदारांची माहिती आयकर खात्याकडे ऑनलाईन सादर करून प्रमाणपत्र द्यावे लागते. नवी कररचना स्वीकारलेल्यांना ही वजावट नाहीच, म्हणून करसवलतीचे आमिष सर्वांना सरसकट दाखवू नये. मोबाईलवर छायाचित्रे पाठवणे सोपे झाले आहे. पण अनाथ मुलांचे व आजारी वृद्धांचे चेहरे दाखवून मागू नये. नव्या छपराचे, भरलेल्या कोठीचे छायाचित्र पुरे.

परदेशस्थ आप्तांच्या देणग्यांबाबत विशेष दक्षता हवी. आखातात नोकरी करणारा आपला माणूस भारतीय पारपत्रधारक असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पैसे पाठवले, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. कॅनडा वा ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेल्या भाच्याने दिलेली रक्कम मात्र, तो येथेच जन्मलेला असला तरी, विदेशी देणगीच ठरते. ती घेण्यासाठी संस्थेला गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने ती घेऊन लहान संस्थेकडे वळवणेही त्याच दुरुस्तीने बंद झाले आहे. म्हणून सणासाठी गावी आलेला पाहुणा खाते क्रमांक मागू लागला, तर आधी त्याच्या पारपत्राचा देश प्रेमाने विचारून घ्यावा.