आकडे खरे, पण...

कालचा अख्खा शनिवार जॉर्जियातल्या एका जुन्या खटल्यात गेला. वॉरन मॅक्लेस्की, कृष्णवर्णीय. १९७८ साली दरोडा घालताना गोऱ्या पोलिसाचा खून, शिक्षा देहदंड. अपिलात प्रा. डेव्हिड बाल्डस यांचा दोन हजारांवर खटल्यांचा अभ्यास मांडला गेला: इतर कारणं वजा केली तरी, मेलेला माणूस गोरा असेल तर देहदंडाची शक्यता ४.३ पट! आम्ही इंजिनिअर एवढ्यावर निमूट बग मान्य करतो हो. सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये आकडे खरे धरले, आणि म्हटलं, तुझ्याच खटल्यात मुद्दाम भेदभाव झाला हे सिद्ध कर. ५ विरुद्ध ४. १९९१ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीवर मारलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले, त्या खटल्यातलं माझं मत मी बदललं असतं.