काळा चबुतरा, नानी आणि साऊंड कार्ड

क्रांती चौकातून जाताना मला नेहमी दोन गोष्टी आठवतात. एक काळा चबुतरा, दुसरी १९९६ साली तिथूनच जवळच्या एका दुकानातून आणलेलं साऊंड कार्ड. या दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे माझी नानी.

जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने दिल्लीच्या बादशाहाविरुद्ध लढायला जाण्यास नकार दिला. पुण्याकडून इंग्रजांची फौज आली. कुणाला फाशी दिली, कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं. चबुतरा त्याची आठवण आहे. याचे कागद लिहिले ते बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांनी. नानी मात्र हीच हकीकत दख्खनीत सांगायची, तिच्या नानीकडून ऐकलेली. अब्बांनी ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून ठेवली होती. टेप झिजत चालली होती, म्हणून मला ती कॉम्प्युटरवर घ्यायची होती.

त्या काळी कॉम्प्युटर स्वतः फक्त ‘टिक-टिक’ करायचा. सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साऊंड ब्लास्टर आणलं आणि सगळे त्याच वाटेने गेले. एकाच कार्डावर चार कामं : यामाहाच्या एफएम चिपचं संगीत, खऱ्या आवाजाचं रेकॉर्डिंग, जॉयस्टिक-मिडीचं पोर्ट आणि पुढच्या कार्डांवर सीडी ड्राइव्हची जोडणीसुद्धा. माझं कार्ड त्याचीच नक्कल होती.

कार्ड बसवलं. गेमचं संगीत झकास वाजलं. पण माणसाचा आवाज लावला की पहिलाच तुकडा अडकून पुन्हा पुन्हा वाजायचा. दुकानदार म्हणाला, कार्ड खराब आहे, दुसरं घ्या. दुसऱ्यासाठी पैसे कुठून आणायचे?

दोन रात्री पुस्तिका वाचली तेव्हा उलगडलं. एफएम चिपला फक्त पोर्टचा पत्ता पुरतो, २२०. आवाजाला मात्र आणखी दोन वाटा लागतात. डीएमए वाहिनी आवाजाचे आकडे थेट मेमरीतून कार्डाकडे नेते. एक तुकडा संपला की कार्ड आयआरक्यू ओळीवरून प्रोसेसरला हाक मारतं : पुढचा द्या. ती हाक पोहोचली नाही तर जुनाच तुकडा फिरत राहतो. माझ्या कार्डावरचा जंपर आयआरक्यू ५ वर होता आणि ऑटोएक्झेक फाइलमधल्या ‘सेट ब्लास्टर’ ओळीत ७ लिहिलं होतं. कार्ड एका दारावर थाप मारत होतं, सॉफ्टवेअर दुसऱ्या दाराशी कान लावून बसलं होतं. एक आकडा बदलला, मशीन पुन्हा सुरू केलं. आवाज सरळ पुढे गेला.

मग टेपरेकॉर्डरची वायर ‘लाइन इन’मध्ये घातली. माझी हार्डडिस्क ४२० एमबीची. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाला मिनिटाला दहा एमबीहून जास्त लागतात, म्हणजे कॅसेटची एकच बाजू अख्ख्या डिस्कपेक्षा मोठी. मी आठ बिट, २२ किलोहर्ट्झ, मोनो निवडलं. मिनिटाला सव्वा एमबीच्या आसपास. पहिली बाजू साठ एमबीत मावली. दुसरी बाजू मोठी डिस्क घेतली की चांगल्या दर्जात भरू, असं ठरवलं.

मोठी डिस्क आली, मागोमाग विंडोज ९५ आणि प्लग अँड प्ले आलं, जंपर गेले. पुढे आवाज मदरबोर्डवरच आला आणि कार्डही गेलं. कॅसेट कपाटात राहिली. एका पावसाळ्यानंतर काढली, तर टेपवर बुरशी. तोवर नानीही राहिली नव्हती.

माझ्याकडे आज अर्धीच हकीकत आहे, खरखरीत आवाजातली. फौज पुण्याहून निघाली, इथे नानी थांबते. पुढचं मला पुस्तकात सापडतं, पण ते तिच्या भाषेत नाही.

तुमच्या घरात कुणी नानी, दादी, आजी असेल तर मोबाइल आजच समोर ठेवा. दर्जा नंतर बघू. मी दर्जाचीच वाट पाहत बसलो होतो.