‘हॅकर’चे माहेर

हॅकर म्हटले की बँकेची खाती फोडणारा चोर डोळ्यांसमोर येतो. पण संगणकाच्या जगात हा शब्द आला तो खेळण्यातल्या रेल्वेतून, हे किती जणांना ठाऊक असेल?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६ साली ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या घाईगर्दीत उभारलेल्या ‘बिल्डिंग २०’ या लाकडी इमारतीत त्याची खोली होती. काही मुले डबे रंगवत, डोंगर आणि गावे उभारत. ‘सिग्नल्स अँड पॉवर’वाली मंडळी मात्र टेबलाखाली वायरींच्या जंजाळात रमलेली असत. टेलिफोनचे जुने रिले वापरून त्यांनी अशी जोडणी केली, की टेलिफोनची तबकडी फिरवून रुळांचा हवा तो तुकडा ताब्यात घेता येई. एकाच मार्गावर अनेकांना आपापली गाडी हाकता येई. रुळांवर चाळीस तास काम केले, की सभासदाला खोलीची किल्ली मिळे.

निव्वळ आनंदासाठी केलेल्या अशा हुशार खटपटीला ते ‘हॅक’ म्हणत. पीटर सॅमसन या सभासदाने १९५९ मध्ये क्लबच्या बोलीचा कोश केला, त्यात हा शब्द आहे. पुढे यातली बरीच मुले संगणकाकडे वळली. त्यांच्यातल्याच स्टीव्ह रसेलने सवंगड्यांच्या मदतीने १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरचा खेळ रचला.

‘बिल्डिंग २०’ १९९८ मध्ये पाडली गेली. शब्द राहिला, पण बदनाम झाला. मूळच्या हॅकरांनी किल्ली कष्टाने कमावली होती.