पुढचा खेळ कोणत्या नियमांनी?

१९७४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून एक खोका विक्रीला आला. वर लाकडाच्या रेषांचा कागद, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या या पहिल्या आवृत्तीच्या फक्त १,००० प्रती निघाल्या आणि गॅरी गायगॅक्स यांच्या मंडळींनी त्या हाताने जुळवल्या. त्या वर्षी ‘आता पुढचा खेळ कोणत्या नियमांनी खेळायचा’ हा प्रश्न कुठल्याही गटाला पडला नाही, कारण निवडायला दुसरं काही नव्हतंच.

खेळाची रीत सोपी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपलं पात्र काय करतं ते प्रत्येक जण सांगतो, आणि निकाल जिथे आधी सांगता येत नाही तिथे फासे पडतात. फासे कधी टाकायचे आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे नियमावली ठरवते. म्हणूनच नियमावली बदलली की टेबलावर घडणारी गोष्टही बदलते. हे खेळणाऱ्यांच्या लक्षात यायला मात्र काही वर्षं गेली.

पहिल्या तीन पुस्तिका लिहिणाऱ्यांना युद्धखेळ तोंडपाठ होते. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनकालीन युद्धखेळात खेळाडूंना पलटणींऐवजी एकेका माणसाची भूमिका देऊन पाहिली होती. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसन यांनी ‘ब्लॅकमूर’ नावाचा काल्पनिक मुलूख उभा केला आणि त्यातूनच गायगॅक्स यांच्यासोबत नवा खेळ आकाराला आला. नवख्या वाचकाला मात्र लढाईच्या नियमांसाठी ‘चेनमेल’ या आधीच्या पुस्तकाकडे बोट दाखवलेलं असे. मग प्रत्येक शहराने गाळलेल्या जागा आपापल्या परीने भरल्या. १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यात खेळणारे आपली पानं पाठवत, ती एकत्र बांधून सगळ्यांना जात. नाव एकच असलं तरी टेबलागणिक खेळ वेगळा आहे, हे त्या पानांतून उघड झालं.

त्याच वर्षी ॲरिझोनातल्या फीनिक्सचे केन सेंट आंद्रे यांनी हा खेळ वाचला. कल्पना आवडली, नियम पटले नाहीत. त्यांनी स्वतःची नियमावली लिहिली आणि सुरुवातीला १०० प्रती छापून घेतल्या. हाच ‘टनेल्स अँड ट्रोल्स’. गायगॅक्स यांच्या खेळाला चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे लागत आणि तेव्हा ते सहजी मिळत नसत. सेंट आंद्रे यांचा खेळ घरोघरी असलेल्या सहा बाजूंच्या फाशांवर चाले. आता गटांपुढे खरी निवड आली, आणि तिचं एक कारण असं अगदी व्यवहारी होतं.

१९७७मध्ये मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ आला, अंतराळात घडणारा. यात पात्राचं पूर्वायुष्यही फाशांवर घडतं. समजा, पात्र आरमारात भरती झालं. नोकरीची एक मुदत चार वर्षांची. प्रत्येक मुदतीत जीव वाचतो की नाही यासाठी फासे टाकायचे. वाचला तर कौशल्यं वाढतात, बढतीची संधी मिळते. नाही वाचला तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र मेलं, नवा कागद घ्या. आणखी एक मुदत काढावी की आहे त्यावर निवृत्त व्हावं, याचा खल करताना खेळाडूच्या हाती येतो तो चाळिशीकडे झुकलेला, चार ठिकाणी टक्केटोणपे खाल्लेला माणूस. पहिल्या खेळातल्या कोवळ्या वीराहून तो किती वेगळा!

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधले पात्रांचे वर्ग आणि पातळ्या काढून टाकल्या, जे कौशल्य वापराल ते वाढेल, एवढंच ठेवलं. पण खरा फरक दाखवला तो १९८१च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये राक्षस मारून आणि खजिना बाहेर आणून अनुभवाचे गुण मिळत, त्यामुळे पात्रं भुयारात उतरत आणि दिवसेंदिवस बलवान होत. सँडी पीटरसन यांच्या या भयखेळात प्रत्येक पात्राच्या मानसिक तोलाचा एक आकडा कागदावर असतो. काही भयंकर दिसलं की शंभरातला फासा टाकायचा, चुकला की तो आकडा घसरतो. निषिद्ध ग्रंथ वाचून ज्ञान वाढतं तसा तोल ढळतो. साहजिकच टेबलावरची माणसं तलवार उपसण्याआधी दार लावून घेऊ लागली. नियम गोष्ट कशी घडवतात याचं याहून चांगलं उदाहरण या खेळांच्या इतिहासात नाही.

देशोदेशी ही निवड केवळ आवडीवर ठरली नाही. आपल्या भाषेत आधी काय छापलं गेलं, यावरही ती ठरली. स्वीडनमध्ये १९८२ साली ‘द्राकार ओक देमोनर’ आला आणि त्याचे नियम ‘रूनक्वेस्ट’च्या घराण्यातले होते. जर्मनीत १९८४ साली निघालेल्या ‘दास श्वार्झे आउगे’ने अमेरिकन खेळाला मागे टाकलं. जपानमध्ये १९८९चा ‘सोर्ड वर्ल्ड’ खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकाच्या रूपात मिळे आणि त्याला सहा बाजूंचे दोनच फासे पुरत.

दर वेळी नवे नियम शिकण्याचा कंटाळाही खरा होता. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ने १९८६मध्ये सगळ्या काळांना आणि जगांना चालेल अशी एकच नियमावली देऊ केली. २००० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली आले आणि इतर प्रकाशकांनी त्यावर पुस्तकांचा ढीग लावला. सोय झाली यात शंका नाही. पण लढाईसाठी घडवलेल्या नियमांवर हेरकथा किंवा भयकथा बेतली की ती पुन्हा पुन्हा लढाईकडेच ओढली जाते.

याच्या अगदी उलट टोकाला २००९चा ‘फियास्को’ आहे: सूत्रधार नाही, पूर्वतयारी नाही, एका संध्याकाळी गोष्ट संपते. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१०च्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’मध्ये दोन फाशांची बेरीज दहा किंवा वर गेली तर काम फत्ते, सात ते नऊ आली तर काम होतं, पण किंमत मोजून. गोष्ट पुढे सरकते ती बहुतेक वेळा या मधल्या आकड्यांमुळेच.

जानेवारी २०२३मध्ये त्या खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांचा मसुदा बाहेर फुटला, तेव्हा अनेक गटांनी प्रथमच दुसऱ्या खेळांची पुस्तकं उघडली. निषेध इतका झाला की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले.

आता अनेक गट नवा खेळ सुरू करण्याआधी एक बैठक निव्वळ बोलण्यासाठी ठेवतात. तुमच्या गटातही पुढच्या खेळाची चर्चा चालू असेल, तर त्या बैठकीत नियमावल्यांची नावं शेवटी काढा. आधी विचारा: किती संध्याकाळी हाताशी आहेत, तयारी कोण करणार, आणि आपल्या पात्रांनी लढावं, पळावं की एकमेकांत गुंतावं? सूत्रधार होणाऱ्याचं मत आधी ऐका, कारण सगळ्यात जास्त वाचन त्यालाच करायचं आहे. मग एक खेळ निवडा आणि तीन बैठका तरी त्याचे नियम न बदलता खेळून पाहा.