शिबिरातला दवाखाना

मे महिन्यात मुलांचे शिबिर भरवायचे ठरले की कामांची यादी होते. जागा, पाणी, जेवण, खेळ, पाहुणे. यादीच्या तळाशी कुणीतरी 'औषधपेटी' असे लिहितो. जवळच्या डॉक्टरांना 'एखादी चक्कर टाका' असे सांगितले की आरोग्याचा विषय संपतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात एवढ्याने भागते का? उत्तर शोधायचे तर शिबिरांच्या इतिहासात थोडे मागे जायला हवे.

मुलांची उन्हाळी शिबिरे सुरू झाली तीच मुळी आरोग्यासाठी. १८७६ साली झुरिच शहरातल्या वॉल्टर बियोन या धर्मोपदेशकाने गरीब वस्तीतली ६८ मुले निवडली आणि शिक्षकांच्या सोबतीने त्यांना आपेन्झेलच्या डोंगराळ भागात सुटीसाठी पाठवले. मोकळी हवा, दूध, पोटभर जेवण आणि खेळ एवढाच उपचार. ही कल्पना पुढे युरोपभर पसरली. अशा शिबिरांत जाण्यापूर्वी आणि परत आल्यावर मुलांचे वजन करण्याची पद्धतही रुळली. मुलाचे वजन वाढले की शिबिराचा उपयोग झाला, असा सरळ हिशेब होता. म्हणजे शिबिरातले पहिले वैद्यकीय साधन होते वजनकाटा, आणि तो शिक्षकालाही वापरता येत होता.

आपल्याकडचे प्रसिद्ध उन्हाळी शिबिर चंद्रपूर जिल्ह्यातच भरत आले आहे. बाबा आमटे यांनी १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले आणि १९६७ साली मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू केला. तिथे मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली. येणारे बहुतेक जण शाळा संपवून नुकतेच बाहेर पडलेले तरुण. यजमान होते बरे झालेले कुष्ठरुग्ण. साहजिकच घरच्यांचा पहिला प्रश्न उन्हाचा नसे. 'तिथे आमच्या मुलाला रोग लागणार नाही ना?' हा असे. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ सालीच दाखवून दिला होता. बहुसंख्य माणसांत या जंतूला रोखण्याची शक्ती उपजतच असते आणि उपचार घेऊन बऱ्या झालेल्या माणसापासून रोग पसरत नाही, हे विज्ञानाला कळले होते. ते घराघरांत पोचले नव्हते. मुले तिथे राहिली, जेवली आणि ठणठणीत परत आली. शंभर व्याख्यानांनी गेली नसती एवढी भीती त्यामुळे गेली असेल.

खरा धोका होता तो उन्हाचा. मे २०१९ मध्ये चंद्रपूरला ४८ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की शरीरातली उष्णता बाहेर जाण्याऐवजी बाहेरची आत येऊ लागते. मग एकच वाट उरते, घामाची. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तीस किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात २५ किलोकॅलरी उष्णता अडकली तर त्याचे तापमान जवळजवळ एक अंशाने चढते. तेवढी उष्णता घालवायला ४५ मिलिलिटरच्या आसपास घाम पुरतो. पण तो वाळायला हवा आणि तेवढे पाणी पोटात गेलेले हवे. शिवाय लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, म्हणून तापलेल्या हवेत ते मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. छावणीत श्रमदान सकाळी आणि व्याख्याने दुपारी सावलीत, असा क्रम असे. या क्रमाकडे वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर वेळापत्रक हेच पहिले औषध ठरते.

शिबिरातला दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे जुलाब. त्यावरचा आजचा उपाय सिद्ध झाला तोही छावणीतच, पण ती छावणी निर्वासितांची होती. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमध्ये बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा मिसळून ते रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजणारे होते रुग्णांचे नातेवाईक. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. आतड्यात ग्लुकोज शोषले जाताना सोडियमलाही आत घेऊन जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडले होते. प्रयोगशाळेतली ही माहिती बनगावात आईच्या हातातल्या पेल्यात उतरली.

अशी विद्या डॉक्टर नसलेल्यांच्या हाती देता येते याचा भक्कम पुरावा गडचिरोलीनेच जगाला दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली या भागात काम करू लागले. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, श्वास मोजणे आणि जंतुदोष ओळखून उपचार करणे ही कामे या आरोग्यदूतांनी ३९ गावांत केली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

बाळाचे श्वास मोजणे जमते, तर शिबिरातल्या शिक्षकाला काय जमणार नाही? पहिले काम शिबिराआधीचे: पालकांकडे चौकशी. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आजार आढळतो. अशा मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले की रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. त्याला उन्हात पळवू नये आणि पाण्यासाठी कधी थांबवू नये. दुसरे काम जुलाबाचे: क्षारसंजीवनीची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे, चमचा चहाचा. तिसरे काम उष्माघाताचे, आणि इथे मिनिटे मोलाची असतात. मूल तापले आहे, असंबद्ध बोलते आहे किंवा कोसळले आहे, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा. गाडीची वाट पाहत बसू नये. सावलीत आणून, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. आधी थंड करणे, मग दवाखाना. आणि वाटेतही पाणी-वारा चालूच ठेवायचा.

आणि झुरिचचा तो वजनकाटा? तो शाळेत असतोच. सकाळच्या थंड वेळी, तासभर खेळण्याच्या आधी आणि नंतर मुलांना आपापले वजन करू द्या. मधे खाणेपिणे नको आणि घामाने ओले झालेले शर्ट दोन्ही वेळा काढलेले असावेत. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा असेल तर फरक दिसेल. वजन ३०० ग्रॅमने घटले म्हणजे सुमारे ३०० मिलिलिटर पाणी गेले. तेवढे लगेच मोजून प्यायला द्या. दुसऱ्या दिवसापासून 'पाणी प्या' असे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.