मुरबाडकरांची पलटण

आपल्या कल्याणहून मुरबाड काही लांब नाही. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई तिथल्या मुरबाडकर घराण्यातल्या. घराणे फौजेतले. वडील रामजी सुभेदार, महूच्या लष्करी शाळेत हेडमास्तर. पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिकणे सक्तीचे होते. गावात मात्र शाळेची पायरी चढू देत नसत. शिस्त, वेळ, हिशोब, अक्षर, सगळे आपल्या माणसाने पलटणीत कमावले.

१८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरतीच थांबवली. कामात खोट नव्हती, जात आडवी आली. गेट बंद होणे म्हणजे काय, हे आम्हा गिरणीवाल्यांना कोणी सांगायला नको! १९१७ ला लढाईसाठी माणसे लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली, १९२१ ला मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.