विजयदुर्गातले साहेबाचे ओटे

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. शिलाहारांचा, मग आदिलशाहीचा, मग शिवरायांचा आणि आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला. इंग्रज या बंदराला घेरिया म्हणत. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी ते तुळाजी आंग्र्यांकडून जिंकले. किल्ल्यात काही ओटे आहेत, त्यांना गावकरी ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. साहेब म्हणजे सर नॉर्मन लॉकियर, सूर्याचा अभ्यासक आणि ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाचा संस्थापक संपादक. १८ ऑगस्ट १८६८ रोजी याच ओट्यांवर दुर्बीण लावून त्याने हेलियमचा शोध लावला, असे अभिमानाने सांगितले जाते. अलीकडच्या वर्षांत त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा झाला आहे.

अभिमान खोटा नाही, पण हकीकत खोटी आहे.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण कोकण किनारा ओलांडून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असे पूर्वेकडे गेले. जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल, विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर जान्सेन, मच्छलीपट्टणला पॉगसन अशी माणसे वर्णपटदर्शक घेऊन बसली होती. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना चमकत्या रेषा दिसल्या. ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे त्यावरून कळले. ग्रहण सुटल्यावरही या रेषा दिसू शकतील हे जान्सेनने ओळखले आणि दुसऱ्याच दिवशी पाहूनही दाखवले.

लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हता. तो इंग्लंडात होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने तिथूनच, ग्रहण नसताना, त्या रेषा पाहिल्या. दोघांचीही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. पुढे १८७२ साली फ्रान्सने दोघांचेही मुखवटे असलेले पदक काढले. त्या रेषांपैकी एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळ असूनही सोडियमची नव्हती. पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. तेव्हा हे सूर्यातले नवे द्रव्य असावे, असे लॉकियरने मांडले. सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओसवरून, त्याला हेलियम म्हटले गेले. अनेकांनी हे मानले नाही. शेवटी १८९५ साली लंडनमध्ये विल्यम रॅम्झे यांना युरेनियमच्या एका खनिजात हाच वायू सापडला आणि वाद मिटला.

मग विजयदुर्गाचे काय? लॉकियर तिथे आला होता, यात शंका नाही. पण तो आला १८९८ च्या जानेवारीत. त्याआधी डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठीही तो हिंदुस्थानात येऊन गेला होता. तेव्हा त्याचा तळ मलबार किनाऱ्यावर, एके काळी टिपू सुलतानाच्या ताब्यात असलेल्या बेकलच्या किल्ल्यात होता. दोन्ही वेळा समुद्रकाठचा किल्ला, थोडा मुक्काम आणि मिनिटांत मोजावा असा खेळ. विजयदुर्गाच्या खेपेला ‘मेलपॉमिनी’ ही ब्रिटिश युद्धनौका दिमतीला होती. कॅप्टन चिझम-बॅटन यांच्या हाताखालच्या खलाशांना कामे वाटून दिली होती. कोणी वेळ मोजायची, कोणी प्रभामंडळाचे चित्र काढायचे, कोणी तारे टिपायचे. २२ जानेवारीला दुपारी सूर्य सुमारे दोन मिनिटे पूर्ण झाकला गेला. त्या दोन मिनिटांसाठी ही सारी तयारी होती. तोवर हेलियम रॅम्झेच्या प्रयोगशाळेत सापडून जवळजवळ तीन वर्षे झाली होती.

याच ग्रहणाची वाट पुढे आमच्या विदर्भातून गेली. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते. अमेरिकेहून आलेले कॅम्पबेलही तिथेच होते. पुलगावजवळच्या तळणी या छोट्या स्टेशनापाशी मॉन्डर दांपत्याने तळ दिला. तिथे ॲनी मॉन्डर या बाईंनी सूर्यापासून सुमारे साठ लाख मैलांपर्यंत पसरलेला प्रभामंडळाचा झोत छायाचित्रात पकडला. मग ही वाट गोंदियाच्या वायव्येकडून शहडोलकडे गेली. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या गोंदियाला खंडग्रास ग्रहणच दिसले. विजयदुर्गाच्या कहाणीत नायगमवाला येत नाहीत, ॲनी मॉन्डर येत नाहीत. एका खोट्या तारखेने किती खऱ्या माणसांवर पडदा पडतो, ते पाहावे.

तो काळही विसरता येत नाही. मुंबई-पुण्यात प्लेग होता, दुष्काळ नुकताच सरला होता. रँडचा खून होऊन सात महिने झाले होते आणि टिळक तुरुंगात होते. सूर्याच्या प्रभामंडळासाठी युद्धनौका देणारे सरकार आणि प्लेगच्या नावाखाली लोकांच्या घरात सैनिक घुसवणारे सरकार एकच होते. विज्ञान खरे असते, म्हणून त्याच्यामागची सत्ता न्यायी होते असे नाही. सत्ता अन्यायी होती म्हणून विज्ञान खोटेही ठरत नाही.

हिजरी सनाप्रमाणे तो शाबान १३१५ चा शेवट होता. रमजानचा चांद एक-दोन दिवसांवर आला होता. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, म्हणून ते आपल्या महिन्याच्या अखेरीसच येते. असेच एक ग्रहण मदिनेत लागले होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम त्याच दिवशी वारला होता. अभ्यासकांनी गणिताने ती तारीख २७ जानेवारी ६३२ अशी काढली आहे. लोक म्हणू लागले की पैगंबरांच्या मुलासाठी सूर्यही काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाला सांत्वन देणारी, त्याची थोरवी वाढवणारी ही गोष्ट होती. पैगंबरांनी ती नाकारली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी सांगितले आणि नमाज पढवली.

आपल्या बाजूची असली तरी खोटी गोष्ट घ्यायची नाही, हा या प्रसंगाचा धडा आहे. अल्-बिरूनी याच शिस्तीचा माणूस. १०१९ साली त्याने लमघानला सूर्यग्रहण स्वतः पाहून नोंदले. ‘किताबुल हिंद’मध्ये त्याने भारतीय ज्योतिर्विदांच्या गणिताची कदर केली. त्याच वेळी ब्रह्मगुप्तासारखा जाणकार राहूच्या कथेपुढे नमते घेतो, याबद्दल त्याने खेदही मांडला.

आज आपल्या समाजाविषयी खोटा इतिहास रोज पसरवला जातो आणि त्याची झळ आपल्याला बसते. म्हणून पुरावा मागण्याचा हक्क आपल्याला हवा आहे. पण हा हक्क मागणाऱ्याने आपल्या घरातल्या गोष्टींनाही तीच कसोटी लावली पाहिजे. जगातला प्रत्येक शोध आमच्याच हकीमांनी लावला, असे आपल्यातही बिनदिक्कत सांगितले जाते. इब्नुल हैसमने ग्रहणातल्या सूर्याची प्रतिमा बारीक छिद्रातून कशी पडते याचा अभ्यास केला, एवढे खरे सांगितले तरी मान ताठ राहते. त्याला आणखी दागिने चढवण्याची गरज नाही.

विजयदुर्गालाही ती गरज नाही. त्या ओट्यांजवळ १८६८ ऐवजी १८९८ लिहिले, तर किल्ल्याची एक वीटही ढळणार नाही. ज्याने हेलियम ओळखला तो माणूस म्हातारपणी समुद्र ओलांडून दोन मिनिटांच्या अंधारासाठी इथे येऊन बसला होता, ही हकीकत मुलांना सांगण्याजोगी आहे, आणि ती खरी आहे.